डाय-पंचाला खोल थंडी: कडक केल्यानंतरचे पहिले काही तास

वेर्णा, कुंडई, करासवाडा, खोर्ली. गोव्यात कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा, औषधाच्या गोळ्या दाबणारी यंत्रं रात्रपाळीलाही चालू असतात. आमच्यासारख्या लहान टूलरूमचं (साचे-हत्यारं बनवणाऱ्या कारखान्याचं) बरंचसं काम त्या यंत्रांच्या डाय-पंचाभोवती फिरतं. डाय म्हणजे पावडर भरायचं भोक असलेला साचा, पंच म्हणजे त्यात शिरून ती दाबणारा दांडा. पंचाचं टोक झिजलं की गोळीच्या कडेला पावडरीची कड राहते. डायचं भोक मधोमध झिजून पोट सुटल्यासारखं झालं की गोळी बाहेर पडताना तिचं टोपण, म्हणजे वरचा थर, सुटतं. पावडरीत कॅल्शियम कार्बोनेट किंवा डायकॅल्शियम फॉस्फेट असेल तर ती पोलादाला बारीक पॉलिश पेपरसारखी खात राहते.

यावरचा एक उपाय म्हणजे कडक केलेल्या पोलादाला द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत, उणे १९० अंश सेल्सिअसच्या आसपास, थंड करून तिथे एक-दीड दिवस ठेवणं. उपाय खरा आहे. पण तो हार्डनिंगचाच, म्हणजे पोलाद तापवून झपाट्याने गार करून कडक करण्याचाच, एक भाग आहे, आणि हार्डनिंगला लागूनच तो व्हायला हवा. महिन्याभरापूर्वी कडक केलेला, पुरेपूर टेम्पर झालेला (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा हलका तापवलेला) डाय नुसता नायट्रोजनमध्ये बुडवून आणला तर पदरात फार काही पडत नाही. मी हे पैसे घालवून शिकलो, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आत काय घडतं

लोहार कोयत्याला पाणी देतो तेव्हा जे घडतं तेच इथे घडतं, फक्त पूर्ण होत नाही. लालभडक पोलादाच्या आतली रचना ऑस्टेनाइट असते. ते झपाट्याने गार झालं की मार्टेन्साइट बनतं, आणि कडकपणा त्या मार्टेन्साइटमुळे येतो. हा बदल एका ठरावीक तापमानाला सुरू होतो आणि त्याहून बऱ्याच खालच्या तापमानाला संपतो. साध्या, कमी कार्बनच्या पोलादात तो खोलीच्या तापमानाच्या वरच संपतो. कार्बन आणि क्रोमियम भरपूर असलेल्या पोलादात मात्र शेवटची पायरी शून्याच्याही खाली जाते. आपल्या खोलीत ३० अंश असतात, म्हणून बदल अर्ध्यावर अडकतो आणि मऊ ऑस्टेनाइट आत शिल्लक राहतं. आपण ज्याला एचसीएचसीआर (हाय कार्बन, हाय क्रोमियम पोलाद) म्हणतो त्यातल्या डी-२ या प्रकारात हे शिल्लक ऑस्टेनाइट साधारण दहा-पंधरा टक्के असू शकतं. भट्टी गरजेपेक्षा जास्त तापली असेल तर त्याहून बरंच जास्त.

थंडीचं पहिलं काम हे उरलेलं ऑस्टेनाइट बदलणं. त्याला वेळ लागत नाही. तापमान जसं उतरतं तसा बदल होतो. दुसरं काम सावकाशीचं आहे. इतक्या थंडीत बराच काळ राहिलेल्या मार्टेन्साइटमधून पुढच्या टेम्परिंगला अतिशय बारीक कार्बाइडचे कण जास्त संख्येने आणि जास्त एकसारखे पसरून बाहेर पडतात. घर्षणाला टक्कर देण्यात त्यांचा वाटा मोठा मानला जातो. म्हणून उणे ८० ची थंडी आणि उणे १९० ची थंडी यांचे परिणाम वेगळे असतात. रँडल बॅरन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत १२ टूल स्टील, ३ स्टेनलेस आणि इतर ४ प्रकार घेतले होते. टूल स्टीलची झीज उणे १९६ अंशांनंतर चांगलीच कमी झाली, उणे ८४ अंशांनंतर त्यापेक्षा कमी प्रमाणात. स्टेनलेसमध्ये फरक दहा टक्क्यांच्या आत होता. साध्या कार्बन पोलादात आणि बिडात काहीच फरक पडला नाही.

त्यामुळे माइल्ड स्टीलचे बोल्ट, बिडाचे भाग किंवा स्टेनलेसचे हॉपर कोणी थंडीला पाठवायला सांगितले तर ते पैसे वाचवा.

आधी झीज ओळखा, मग पोलाद

खराब झालेला पंच फेकू नका. दहापट भिंगाखाली त्याची धार बघा. धार गोल होऊन चकचकीत झाली असेल तर ती घर्षणाची झीज, आणि थंडीचा उपयोग इथेच होतो. धारेचे बारीक टवके उडाले असतील तर पोलाद ठिसूळ पडतंय किंवा पंच आणि डाय एका रेषेत नाहीत. थंडीने ते आणखी बिघडू शकतं. धारेवर दुसऱ्या धातूची किंवा पावडरीची पुटं चढली असतील तर पॉलिश, लेप आणि वंगण यांचा विचार आधी करा. गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत चौथाही प्रकार दिसतो, गंजाचे बारीक खड्डे. त्यावर थंडीचा काही इलाज नाही.

पोलादाचं म्हणाल तर डी-२, डी-३, एम-२ हायस्पीड आणि ईएन-३१ ही खात्रीची गिऱ्हाइकं. ओएचएनएसलाही (तेलात कडक होणाऱ्या टूल स्टीललाही) फायदा होतो, पण थोडा कमी. एच-१३ मध्ये मुळात शिल्लक ऑस्टेनाइट कमी असतं, तिथे मी गिऱ्हाइकाला काही कबूल करत नाही. गोळ्यांचे पुष्कळ पंच आघात सोसणाऱ्या, अर्धा टक्का कार्बनच्या पोलादाचे असतात. त्यांच्याकडूनही फार अपेक्षा ठेवू नये. डाय मात्र बहुधा डी-३ सारख्या पोलादाचे असतात आणि झिजतातही घर्षणानेच. खर्च एकाच वस्तूवर करायचा असेल तर माझं मत डायच्या बाजूने.

हार्डनिंग

थंडी चुकीच्या हार्डनिंगला सावरत नाही. डी-२ साठी आम्ही आधी ६५० अंशांवर आणि मग ८५० अंशांवर जॉब (कामाला घेतलेला भाग) आतपर्यंत सारखा तापू देतो आणि शेवटी १०१० ते १०३० अंशांवर नेतो. ‘जरा जास्त तापवलं तर जास्त कडक होईल’ ही समजूत या पोलादात उलटी पडते. जास्त तापमानाला जास्त कार्बन ऑस्टेनाइटमध्ये विरघळतो, त्यामुळे शिल्लक ऑस्टेनाइट वाढतं आणि दाणाही जाडा होतो. मग थंडीत एकदम मोठा बदल होऊन जॉब तडकण्याची भीती वाढते.

क्वेंचनंतर, म्हणजे तापलेला जॉब झपाट्याने गार केल्यानंतर, तो हातात धरवेल इतका कोमट, साधारण ५० अंशांपर्यंत आला की घड्याळाकडे बघायला लागा.

मधला वेळ

सगळा खेळ इथे आहे. क्वेंच झालेलं पोलाद खोलीच्या तापमानाला तसंच पडून राहिलं की उरलेलं ऑस्टेनाइट स्थिरावतं, हट्टी होतं. नंतर कितीही थंड केलं तरी त्याचा काही भाग बदलत नाही. त्यात टेम्परिंग झालं असेल तर तो आणखी स्थिर होतो. म्हणून क्वेंचनंतर शक्य तर तासाभरात थंडी सुरू व्हायला हवी.

आता आपल्याकडची अडचण. गोव्यातल्या बऱ्याच टूलरूम हार्डनिंगचं काम बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्याला पाठवतात. माल चोर्ला घाट चढून जातो, तिथे कडक होतो, टेम्पर होतो, परत येतो आणि मग ‘आता थंडीला पाठवू’ म्हणून दुसरीकडे रवाना होतो. मधे चार दिवस, कधी आठवडा. आमच्या ब्लँकिंग डायचा (पत्र्यातून तुकडे कापणाऱ्या डायचा) एक अख्खा संच मी असाच फिरवून आणला होता. कडकपणा होता तिथेच राहिला आणि दोन ग्राइंडिंगच्या मधलं उत्पादनही जुन्या संचाएवढंच निघालं. पोलाद चांगलं होतं, नायट्रोजनही खरा होता, वेळ चुकली होती. तेव्हापासून नियम एकच: भट्टी आणि थंडीची पेटी एका छपराखाली असेल तरच काम द्यायचं. मग ते घाटापलीकडे असलं तरी चालेल.

याला एक अपवाद मी ठेवतो. जॉबला कोपरे तीक्ष्ण असतील, कडेजवळ भोकं असतील किंवा जाड-बारीक भाग एकत्र असतील, तर क्वेंचनंतर थेट थंडीत घालणं धोक्याचं असतं. ताण आधीच भरलेला असतो, त्यात नवं मार्टेन्साइट फुगतं आणि कोपऱ्यातून चीर जाते. अशा जॉबला आधी १५० अंशांवर तासभर हलकं टेम्परिंग द्यावं आणि लगेच थंडीत न्यावा. थोडं ऑस्टेनाइट स्थिरावतं, फायदा थोडा घटतो, पण जॉब वाचतो. साध्या गोल डायला हे लागत नाही. खरा उपाय ड्रॉइंगवर आहे. आतल्या कोपऱ्याला अर्धा मिलिमीटर जरी गोलाई दिली तरी पुढचे कितीतरी कटकटीचे प्रसंग टळतात.

पेटी आणि थंड करणं

जॉब द्रव नायट्रोजनमध्ये सरळ बुडवू नका. बाहेरचा थर क्षणात आक्रसतो, आतला गाभा गरम असतो आणि तडा जातो. जॉब वायूत थंड करायचा असतो.

पेटीचं आतलं अस्तर ३०४ स्टेनलेसचं हवं, कारण माइल्ड स्टील या थंडीत काचेसारखं ठिसूळ होतं. भोवती निदान १०० मिलिमीटर फोम, वर नुसतं टेकणारं झाकण आणि आत हवा फिरवायला पंखा, ज्याची मोटर बाहेर असते. नायट्रोजन आत यायला वाल्व्ह, आणि थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या तारेच्या) सांगण्यावरून तो उघडझाप करणारा कंट्रोलर. इंडिकेटर उणे २०० पर्यंत वाचतो का ते खरेदीआधी तपासा, भट्टीचे बरेच इंडिकेटर शून्याखाली जात नाहीत. के-टाइप थर्मोकपल चालतं, टी-टाइप या पट्ट्यात अधिक बरं. एक थर्मोकपल पेटीच्या हवेत आणि दुसरं त्याच आकाराच्या रद्दी तुकड्यात भोक पाडून आत बसवा. हवेचं तापमान आणि पोलादाच्या पोटातलं तापमान यांत किती अंतर राहतं ते त्याशिवाय कळत नाही.

जॉब स्वच्छ आणि कोरडे हवेत. ओएचएनएसचे जॉब तेलात क्वेंच झालेले असतात. ते तेल पूर्ण धुऊन काढा, कारण पुढे सांगणार आहे. जाळीच्या ट्रेवर एकमेकांना न टेकता मांडा.

उतरण्याचा वेग मिनिटाला १ अंशाच्या आसपास ठेवा. ३० पासून उणे १९० म्हणजे २२० अंश, म्हणजे पावणेचार तास. जाड जॉबला मी अर्ध्या अंशाने उतरवतो, मग रात्र जाते. घाई करून इथे काहीच मिळत नाही.

पुढचा प्रश्न म्हणजे किती वेळ ठेवायचं. फक्त मापं स्थिर राहायला हवी असतील, उदाहरणार्थ गेज किंवा मास्टर, तर उणे ८० ला एक-दोन तास पुरतात. झीज कमी करायची असेल तर २४ ते ३६ तास. बंगालमधल्या शिबपूरच्या संशोधकांनी डी-२ वर वेगवेगळे कालावधी तपासले, तेव्हा ३६ तासांना झीज सर्वांत कमी आढळली. त्याहून लांबवण्यात फायदा दिसला नाही. मी डी-२ आणि डी-३ ला ३६ तास देतो, बाकीच्यांना २४.

नायट्रोजन किती लागेल? एक किलो पोलाद खोलीच्या तापमानापासून तळापर्यंत न्यायला ढोबळमानाने अर्धा लिटर. म्हणजे २० किलोच्या लॉटला दहा लिटरच. बाकी सगळा नायट्रोजन ३६ तास पेटीतून झिरपणारी उष्णता भागवण्यात जातो. म्हणून फोमवर कंजुषी करू नका, आणि अर्धी पेटी भरून लॉट चालवू नका.

नायट्रोजनची भीती कशाची

गावाकडे गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्यकांड्या ज्या कॅनमध्ये येतात, त्यात हाच द्रव असतो. तो रोजच्या पाहण्यातला झाला की लोक निर्धास्त होतात. हाताला लागून भाजतं हे सगळ्यांना माहीत असतं. जीव मात्र बहुतेक वेळा गुदमरून जातो.

एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. चार बाय तीन मीटरची, तीन मीटर उंच बंद खोली घ्या, म्हणजे ३६ घनमीटर. तिथे नुसता पाच लिटर नायट्रोजन सांडला तर साडेतीन घनमीटर वायू तयार होतो आणि प्राणवायू २१ वरून १९ टक्क्यांच्या आसपास येतो. १९.५ च्या खाली धोक्याची पातळी मानतात. नायट्रोजनला वास नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही, माणूस सरळ कोसळतो. थंड वायू जमिनीलगत साचतो, म्हणून खड्ड्यात, तळघरात किंवा शटर ओढलेल्या खोलीत हे काम नको. पावसाळ्यात झडीमुळे आपण दारं-खिडक्या लावून बसतो, नेमका तोच काळ वाईट. ऑक्सिजनचा अलार्म कंबरेच्या उंचीवर लावा आणि १९.५ ला वाजू द्या. कोणी आत कोसळलेला दिसला तर श्वास धरून धावत जाऊ नका. बाहेरून दारं उघडा, हवा खेळू द्या आणि मदत बोलवा. वाचवायला गेलेला दुसरा माणूस याच चुकीने जातो.

कॅनचं तोंड कधीही घट्ट बंद करायचं नाही. त्याचं सैल बूचच वापरायचं. आपल्या दमट हवेत गळ्याशी बर्फ साचून तोंड आपोआप बुजतं, आत दाब वाढतो आणि कॅन फुटतो. रोज गळा तपासा. कॅन गाडीत माणसांसोबत बंद काचांच्या आत आणू नका. उघड्या टेम्पोत, उभा बांधून आणा.

आता तेलाचं. प्राणवायू उणे १८३ अंशांना द्रव होतो आणि नायट्रोजन उणे १९६ ला. म्हणजे उघड्या, अतिथंड पाइपावर हवेतला प्राणवायू थेंबाथेंबाने जमू शकतो. तो तेलकट चिंधीवर किंवा ग्रीसवर पडला तर ठिणगीचं निमित्त पुरतं. पेटीजवळ तेल, चिंध्या, वेल्डिंग काही नको.

हातमोजे क्रायोजेनिक आणि सैल हवेत, झटक्यात काढता येतील असे. चेहऱ्यावर पूर्ण ढाल, पँट बुटांच्या बाहेर, खिसे नसलेला अॅप्रन. कातडीला लागलंच तर चोळायचं नाही. भरपूर कोमट पाणी आणि लगेच डॉक्टर.

वर आणणं आणि टेम्परिंग

पुरवठा बंद करा आणि झाकण न उघडता पेटी आपोआप वर येऊ द्या. साधारण एक रात्र लागते. इथे बाहेरगावच्या सूचनापत्रांपेक्षा आपल्याकडे जास्त काळजी लागते. जून ते सप्टेंबरमध्ये हवेत इतकी वाफ असते की थंड जॉब बाहेर काढताक्षणी त्यावर पाणी साचतं, आणि दुसऱ्या दिवशी तांबूस डाग. जॉब खोलीपेक्षा दोन-चार अंश गरम झाल्यावरच झाकण उघडा. गरम पाणी ओतून घाई करणाऱ्यांचे जॉब मी तडकलेले पाहिले आहेत.

मग थांबायचं नाही. थंडीतून नव्याने तयार झालेलं मार्टेन्साइट कच्चं, ताणलेलं आणि ठिसूळ असतं. एकदा चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही लॉट पेटीतून काढला आणि ‘आता सुट्टीनंतर टेम्पर करू’ म्हणून टेबलावर ठेवून गेलो. परत आलो तेव्हा आठ डायपैकी दोघांना भोकापासून कडेपर्यंत चीर गेली होती. कोणी हातही लावला नव्हता. तेव्हापासून सणाआधीच्या आठवड्यात आम्ही नवा लॉट लावत नाही.

डी-२ ला १८० ते २०० अंशांवर, जाडीच्या दर २५ मिलिमीटरला एक तास, पण दोन तासांपेक्षा कमी नाही. पूर्ण गार होऊ द्या आणि हेच पुन्हा एकदा करा. कडकपणा साधारण ६० ते ६२ रॉकवेल सी (कडकपणा मोजायचं एकक) बसतो. थंडीमुळे कडकपणा फार तर एक-दोन अंकांनी वाढतो, त्यामुळे नुसत्या रॉकवेलच्या आकड्यावरून थंडी लागली की नाही हे ठरवू नका.

पुढे टायटॅनियम नायट्राइडसारखा लेप द्यायचा असेल तर तो थंडीनंतर. पण लेपाच्या भट्टीत जॉब ४०० अंशांच्या वर जाऊ शकतो आणि २०० ला टेम्पर केलेलं डी-२ तिथे मऊ पडतं. अशा जॉबला आधीच ५१० ते ५२० अंशांचं टेम्परिंग ठरवून घ्या. त्या तापमानाला बरंचसं शिल्लक ऑस्टेनाइट तसंही मोडतं, म्हणून अशा वेळी थंडीचा खर्च खरंच हवा का याचा पुन्हा विचार करा.

ग्राइंडिंग शेवटी

ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होताना आकारमान चार टक्क्यांच्या आसपास वाढतं. दहा टक्के शिल्लक ऑस्टेनाइट पूर्ण बदललं तर लांबी-रुंदीत साधारण ०.१३ टक्के फरक. २० मिलिमीटरच्या मापात हे २५ मायक्रॉन होतात. गोळ्यांच्या डाय-पंचातली फटच काही शतांश मिलिमीटरची असते. फिनिश झालेले पंच थंडीला पाठवले तर ते परत डायमध्ये जातील याची खात्री नाही. म्हणून बाजूला ०.२ मिलिमीटर तरी साहित्य ठेवा आणि फिनिश ग्राइंडिंग सगळं झाल्यावर करा.

चाक ताजं ड्रेस केलेलं, कूलंट भरपूर, घाव हलका. पृष्ठभागावर तपकिरी-निळी झाक आली म्हणजे वरचा थर जळून मऊ झाला, म्हणजे नेमका जो थर झिजायचा आहे तोच. थंडीचा परिणाम जॉबच्या आरपार असतो, लेपासारखा वरवरचा नसतो. त्यामुळे पुन्हा-पुन्हा धार लावली तरी तो टिकतो. माझ्या दृष्टीने हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

काम बाहेर देताना आणि निकाल बघताना

काम देण्याआधी विचारा: क्वेंच झाल्यावर किती वेळाने पेटीत जातं? वेग काय, किती तास? लॉटचा तापमान-वेळ आलेख मिळेल का? आलेख देणार नाही म्हणणाऱ्याला काम देऊ नका. चलनावर पोलादाचा प्रकार, हवा असलेला कडकपणा आणि ‘फिनिश ग्राइंडिंग बाकी’ असं स्पष्ट लिहा.

पहिल्या लॉटला सगळे डाय थंडीला देऊ नका. एकाच बारमधून कापलेले, एकाच भट्टीत कडक झालेले सोळा असतील तर आठ तसेच ठेवा. दोन्हींवर इलेक्ट्रिक पेनने वेगळी खूण करा आणि एकाच यंत्रावर, एकाच गोळीसाठी आलटून-पालटून बसवा. दर ठरावीक गोळ्यांनंतर भोकाचं माप तीन उंचीवर घ्या आणि वहीत लिहा. निदान तीन वेळा पॉलिश किंवा ग्राइंडिंग होईपर्यंत निकाल लावू नका. यंत्र चालवणाऱ्या कामगाराला कोणत्या खुणेचा डाय थंडीचा आहे ते सांगू नका, मापं तोच घेणार असेल तर अजिबात नाही.